वाचकांचे प्रश्न : टाकीतल्या पाण्याचा सामू मोजायचा कशाने?

शेतकऱ्यांना ‘सामू’ हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावरून ओळखीचा आहे. मासे पाळणारे त्यालाच पीएच म्हणतात: पाणी आम्ल की अल्क, हे सांगणारा आकडा. गेल्या अंकातल्या फिशटँकवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे या एकाच आकड्याबद्दल होती. त्यातली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे देत आहोत. पहिले पत्र लिहिणाऱ्याच्याच बोलीत ठेवले आहे.

बोरिंगचं पाणी टाकलं का दुसऱ्या दिवशी मोली मासे कोपऱ्यात दबकून बसतात. दुकानदाराच्या किटनं पाहिलं तं पीएच ७.६. तो म्हणते, पाणी बरोबर हाये. घरी किट आणलं, त्यातही ७.६ च येते, कवाही पाहा. मंग मासे काहून असे करतात?
*— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती*

‘कवाही पाहा, ७.६ च’ या तुमच्या शब्दांतच उत्तर आहे. बाजारात सहज मिळणारे थेंबांचे किट ६.० ते ७.६ एवढेच मोजते. त्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू नावाचे रंगद्रव्य असते. ते सहाला पिवळे, सातच्या आसपास हिरवे आणि ७.६ ला निळे होते. त्यापुढे पाण्याचा सामू ८ असो की ८.८, रंग निळाच राहतो, कारण त्या द्रव्याकडे दाखवायला पुढचा रंगच नाही. रंगपट्टीच्या शेवटच्या चौकोनाशी रंग जुळला तर त्याचा अर्थ ‘७.६’ नसून ‘७.६ किंवा त्याहून कितीही जास्त’ असा होतो. खालच्या टोकालाही हेच लागू आहे.

तुमचा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. इथल्या बोअरच्या पाण्यात मीठ आणि बायकार्बोनेट दोन्ही भरपूर, त्यामुळे सामू आठच्या वर असणे मुळीच नवल नाही. पश्चिम विदर्भात काळ्या बेसाल्ट खडकातले पाणीही बहुधा याच बाजूला झुकलेले असते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: ज्या घरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, म्हणजे पाणी क्षारांनी जड आहे, तिथे पहिले किट ‘हाय रेंज’चेच घ्यावे. ते ७.४ ते ८.८ मोजते आणि त्याचा रंग पिवळ्या-तपकिरीकडून जांभळ्याकडे जातो. त्यात सर्वांत खालचा रंग आला तरच साध्या किटकडे वळा. दोन्ही किट ७.४ ते ७.६ या पट्ट्यात एकमेकांवर येतात. तिथे दोघांत ०.२ चा फरक दिसला तर किट बिघडले असे समजू नका.

आता मासे ‘दुसऱ्या दिवशी’ का दबकतात ते पाहू. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. नुकत्याच उपसलेल्या पाण्याचा सामू त्यामुळे कमी दिसतो. तेच पाणी टाकीत बुडबुड्यांखाली रात्रभर राहिले की वायू उडून जातो आणि सामू वर चढतो. ताज्या पाण्यात ७.४ आणि चोवीस तासांनी ८.३, असे सहज घडते. म्हणून बोअरचे पाणी दोनदा मोजायचे. अर्धी बादली भरा, लगेच एकदा मोजा. मग तिच्यात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडून चोवीस तास ठेवा आणि पुन्हा मोजा. टाकीसाठी खरा आकडा दुसरा. दोन आकड्यांत ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर पाणी नेहमी आदल्या दिवशी भरून, हवा देऊनच वापरा आणि एका वेळी टाकीतले पाव पाणीच बदला.

मोलीला जड, किंचित खारे पाणी मानवते. ८.२ हा आकडा तिच्यासाठी वाईट नाही. त्रास होतो तो एका रात्रीत झालेल्या बदलाचा, आणि दुसरा अमोनियाचा. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियापैकी विषारी भाग किती, हे सामूवर ठरते. पाणी ३० अंश असेल तर ७.६ ला हा भाग सुमारे ३ टक्के असतो, ८.४ ला सुमारे १७ टक्के. तेवढीच घाण, पण विष पाचपटीहून जास्त. ‘७.६ आहे, पाणी बरोबर आहे’ हे वाक्य महागात पडते ते इथे.

किट वापरतानाच्या चुकाही सांगून ठेवतो. नळी तपासायच्या पाण्यानेच दोनदा विसळा, साबणाने नाही. पाणी ५ मिलीच्या रेघेपर्यंत घ्या. पाण्याचा पृष्ठभाग मधे खोलगट दिसतो, त्याचा तळ रेघेवर हवा. बाटली अगदी उभी उलटी धरा, कारण तिरकी धरली की थेंब लहान-मोठा पडतो. बऱ्याच किटमध्ये साध्याला ३ आणि हाय रेंजला ५ थेंब असतात, पण आपल्या पत्रकावरचा आकडाच खरा. नळीला झाकण लावून हलवा, अंगठा लावून नको. अंगठ्यावरचा घाम, साबण, शेतातल्या फवाऱ्याचा अंश हे सगळे पाण्यात उतरते. रंग दिवसा, उघड्यावर पण सावलीत, मागे पांढरा कागद धरून पाहा. पिवळ्या बल्बखाली निळा रंग हिरवट दिसतो. टाकीत निळे औषध टाकले असेल किंवा बदामाच्या पानांनी पाणी चहासारखे झाले असेल, तर रंगाची कोणतीही चाचणी त्या दिवशी करू नका.

ऑनलाइन पेनासारखे पीएच मीटर घेतले. सोबत ४.०० आणि ६.८६ च्या पुड्या आल्या. पहिले आठ दिवस ठीक चालले, आता रोज वेगळाच आकडा. मीटर फेकावे की किट घ्यावे?
*— संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती*

फेकण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, मीटर कशाशी जुळवले. पुडी पाण्यात विरघळवली की तिच्यावर लिहिलेल्या सामूचे द्रावण होते; त्यात पेन बुडवून त्याचा आकडा तेवढाच करायचा, ही जुळवणी. मोजायचे पाणी जुळवणीच्या दोन आकड्यांच्या मधे यावे लागते. तुमचे पाणी ७.५ ते ८.५ मधले, आणि पुड्या ४.०० आणि ६.८६ च्या. म्हणजे दोन्ही एकाच बाजूला. कारखाना या पुड्या सगळ्यांना सारख्याच देतो, त्याला वरुडचे पाणी काय माहीत. ९.१८ ची पुडी वेगळी मागवा. आधी ६.८६ ला जुळवा, मग ९.१८ ला. तुमच्या पेनाला एकच स्क्रू असेल तर तो ६.८६ ला फिरवून घ्या आणि ९.१८ फक्त तपासायला वापरा. तिथे ०.२ पेक्षा जास्त चूक आली तर पेनाच्या टोकाचा काचेचा गोळा, म्हणजे इलेक्ट्रोड, थकला, पुढे त्या पेनावर भरवसा नको.

पुडी पूर्ण ओतायची, अर्धी नाही, आणि तिच्यावर लिहिलेल्या पाण्यात, बहुधा २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये, विरघळवायची. गॅरेजमध्ये ‘बॅटरीचे पाणी’ मागताना डिस्टिल्ड वॉटरच आहे ना, हे विचारून घ्या. काही ठिकाणी त्याच नावाने पातळ ॲसिड मिळते. तयार द्रावण काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. वापरताना थोडे वाटीत काढा आणि उरलेले बाटलीत परत ओतू नका. ९.१८ चे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खाली घसरते. महिन्याभराने ते टाकून द्या.

दुसरी गोष्ट, उन्हाळा. पुडीवरचे आकडे २५ अंशांचे आहेत. ९.१८ चे द्रावण ३५ अंशांना ९.१० आणि ४० अंशांना ९.०७ असते. ६.८६ फारसे हलत नाही, ४० अंशांना ६.८४. पेनावर ‘एटीसी’ (तापमानाची आपोआप भरपाई) लिहिले असले तरी साधा पेन इलेक्ट्रोडचा तापमानाचा फरक तेवढा भरून काढतो, द्रावणाचा आकडा बदलला हे त्याला कळत नाही. मे महिन्यात जुळवणी पहाटे करा, किंवा बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी तासभर ठेवा.

तिसरी आणि सर्वांत जास्त होणारी चूक साठवणीची. आठ दिवस चालून मग बिघडला, यावरून इलेक्ट्रोड सुकला असावा असे दिसते, किंवा तुम्ही तो काळजीपोटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवत असाल. दोन्ही घातकच. शुद्ध पाणी इलेक्ट्रोडच्या आतले क्षार बाहेर ओढून घेते. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण हवे: प्रयोगशाळेच्या दर्जाचे २२.४ ग्रॅम, पाणी घालून एकूण १०० मिली. कृषी केंद्रातला लाल पोटॅश हाच क्षार आहे हे खरे, पण त्यात लोहाचा रंग आणि माती असते, ती इलेक्ट्रोडची छिद्रे बुजवते. तो मोह टाळा. काहीच नसेल तर टोपीतला स्पंज ४.०० च्या द्रावणाने ओला ठेवा. सुकलेला पेन रात्रभर भिजवून पुन्हा जुळवून पाहा, बरेचदा जिवंत होतो. टोपीवर पांढरे मीठ साचले तर घाबरू नका, धुऊन टाका.

जड पाण्यात मोजून मोजून गोळ्यावर चुन्याचा पातळ थर बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंधरा-वीस मिनिटे बुडवा, धुवा, तासभर साठवणीच्या द्रावणात ठेवा. गोळा पुसायचा नाही, मऊ कागदाने पाणी टिपायचे. मोजताना हलकेच ढवळून मिनिटभर थांबा. ६.८६ मधून धुऊन ९.१८ मध्ये टाकल्यावर आकडा मिनिटाभरात स्थिरावला तर पेन ठीक. तीन-चार मिनिटे सरकतच राहिला तर वय झाले. इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांचाच सोबती असतो, आणि स्वस्त पेनात तो बदलता येत नाही.

एकदोन टाक्या असतील तर थेंबांचे किट पुरेसे आणि कमी कटकटीचे. दहा-बारा टाक्यांत पैदास करत असाल, किंवा रंग नीट ओळखता येत नसतील, तर पेन घ्या. पण महिन्यातून एकदा किटशी ताडून पाहा. पुडीशिवायचा पेन म्हणजे वजनमापे न तपासलेला काटा.

किट खरे की खोटे हे पाहायला डिस्टिल्ड वॉटर तपासले. सात यायला हवे होते, आले सहा. दुकानदार बदलून देत नाही.
*— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ*

दुकानदाराशी भांडू नका, या वेळी किट बरोबर आहे. डिस्टिल्ड वॉटर सात असते ते हवा लागेपर्यंत. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला की ते साडेपाच-पावणेसहाकडे घसरते, आणि साध्या किटची पट्टी सहालाच संपते. शिवाय अशा रिकाम्या पाण्यात किटच्या थेंबांचाही सामूवर परिणाम होतो. तपासणीला हे पाणी सर्वांत निकामी.

साधे किट ६.८६ च्या पुडीच्या द्रावणाने तपासा. रंग ६.८ आणि ७.० यांच्यामधला हिरवा यायला हवा. हाय रेंजसाठी तर तुमच्या स्वयंपाकघरातच साधन आहे. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, सपाट, विरघळवा आणि लगेच मोजा. ८.२ ते ८.४ आले पाहिजे. सोडा चिमूटभर कमी-जास्त झाला तरी आकडा फारसा हलत नाही, हीच त्याची खुबी. मात्र गरम पाणी नको, द्रावण रात्रभर ठेवलेले नको आणि बेकिंग पावडर नको. धुण्याचा सोडा तर अजिबात नको, तो अकराच्या घरात जातो.

किटची बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहून ठेवा. उन्हात, खिडकीत ठेवलेले द्रव्य छापील मुदतीच्या आधीच फिके पडते.

शाळेत छोटी टाकी ठेवली आहे. लिटमस, हळद, जास्वंदीचा रस, कागदी पट्ट्या यापैकी विद्यार्थ्यांकडून कशाने मोजून घ्यावे?
*— विज्ञान शिक्षिका, ता. मेहकर, जि. बुलडाणा*

शिकवायला चारही, टाकीसाठी एकही नाही. लिटमसचा रंग साधारण ४.५ ते ८.३ या लांबलचक पट्ट्यात हळूहळू बदलतो, आणि आपली सगळी टाकी त्याच पट्ट्यात असते. हळद साडेसातच्या आसपास बदलू लागते आणि साडेआठच्या पुढे लाल होते. म्हणजे ती लाल झाली तर पाणी फार वर गेले एवढे कळेल, त्याखालचे काही नाही. जास्वंद आम्लात गुलाबी, अल्कात हिरवट, आणि आपल्याला हव्या त्या मधल्या भागात मळकट.

कागदी पट्ट्यांत १ ते १४ वाली पट्टी एकेका अंकाने मोजते. सात आणि आठमधला फरक म्हणजे आम्लतेत दहापट, तेव्हा ती टाकीला जाडीभरडीच. मत्स्यपालनाच्या पट्ट्या अर्ध्या अंकापर्यंत येतात. घ्यायच्या तर त्या घ्या, पण आषाढ-श्रावणाची दमट हवा त्यांना खाऊन टाकते. काचेच्या बरणीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, ओल्या बोटांनी काढू नका. पट्टी टाकीत न बुडवता कपातल्या पाण्यात बुडवा. एकाच पट्टीवर चार-पाच चौकोन असतील तर ती आडवी धरा, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो. डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच वाचा, मिनिटभराने तीच पट्टी वेगळे सांगते.

वर्गासाठी एक प्रयोग: एकाच कपातले पाणी पाच मुलांना पट्टीने वेगवेगळे वाचायला सांगा आणि आकडे फळ्यावर लिहा. मग तेच पाणी थेंबांच्या किटने मोजा. मोजमापातली चूक कुठून येते यावर निम्मा तास सहज जाईल.

नळाला टीसीएल टाकले त्या दिवशी किटचा रंग आधी आला आणि मग उडूनच गेला. किट खराब झाले का?
*— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा*

नाही. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर; तिच्यातला क्लोरीन कपड्याचा रंग उडवतो तसा किटच्या द्रव्याचाही उडवतो. रंग उडाला तर निदान कळते. थोडा बदलून चुकीचा आकडा दाखवला तर कळतही नाही. नळीतल्या ५ मिली पाण्यात हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा, मोहरीएवढा खडा आधी विरघळवा, मग थेंब टाका. माशांच्या दुकानातल्या अँटी-क्लोरीनचा एक थेंबही चालतो.

ही अडचण फार जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या लिंबू कारखान्यांत रस टिकवायला सल्फर डायऑक्साइड घालत, आणि तो लिटमसचा रंग उडवून टाकी. रसाची आम्लता मोजता येईना. तेव्हा १९३४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ अर्नोल्ड बेकमन यांनी त्यांच्यासाठी काचेचा इलेक्ट्रोड आणि विजेचा प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) एकत्र करून एक पेटी बनवली. आजच्या पीएच मीटरचा वंश तिथून चालत आला. म्हणजे रंग जिथे हार मानतो तिथे मीटर, ही विभागणी लिंबाच्या रसानेच करून दिली.

तुमच्या टाकीला मात्र त्या दिवशी सामूपेक्षा क्लोरीनचा धोका मोठा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचे द्रव्य असते. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ते टाकीत नको.

आमचे सिमेंटचे हौद अंगणात आहेत, पाणी मामा (माजी मालगुजारी) तलावाचे. सकाळी सामू ७.२, दुपारी पट्टीच्या पार शेवटी. कोणता खरा?
*— रंगीत मासे पाळणारा गट, ता. साकोली, जि. भंडारा*

दोन्ही. हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड खाते, सामू चढतो. रात्री सगळेच श्वास घेतात, वायू साचतो, सामू उतरतो. रात्री लोडशेडिंगमुळे एअर पंप बंद राहिला तर सकाळचा आकडा आणखी खाली. म्हणून उघड्या हौदाचा एकच आकडा लिहिण्यात अर्थ नाही. सूर्योदयापूर्वी एक आणि दुपारी तीन-चारच्या दरम्यान एक, असे दोन लिहा, शेजारी वेळही लिहा. तुमच्या वहीत वेळ नव्हती, म्हणून हा प्रश्न पडला.

हेलकावा किती मोठा, हे पाण्यातल्या कार्बोनेट साठ्यावर ठरते. त्याला केएच म्हणतात. पावसाने भरणाऱ्या तलावाच्या पाण्यात हा साठा बोअरपेक्षा कमी असतो. केएचचे किट स्वस्त आणि सोपे आहे: ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचे, निळ्याचे पिवळे झाले की थांबायचे. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे एक अंश, लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. तीन-चार अंशांच्या खाली असेल तर सामू असाच उड्या मारणार. कोंबडीच्या खाद्यातला शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या धारेखाली ठेवा, वर अर्ध्या भागाला शेडनेट लावा, आणि दर आठवड्याला केएच पाहा. मासे आणि जिवाणू हा साठा सतत खर्च करत असतात.

दुपारी पट्टी संपत असेल तर ८.८ च्या वर किती, हे किट सांगणार नाही. गटाने मिळून एक पेन घ्या आणि ९.१८ ला नीट जुळवा. नऊच्या वर गेले तर ३० अंशांच्या पाण्यात अमोनियाचा जवळपास निम्मा भाग विषारी रूपात असतो. अशा दुपारी खाद्य टाकू नका.

हौद नवा असेल तर आधी चुन्याचा संशय घ्या. नव्या सिमेंटचे पाणी अकरापर्यंत जाऊ शकते. भरा, आठवडाभर ठेवा, ओता, असे तीन वेळा करा. मग मासे न सोडता, शेवाळ धरण्याआधी, सकाळ-दुपार मोजून पाहा. आकडा ८.५ च्या खाली टिकला तरच हौद तयार.

कृषी केंद्रात मातीत खुपसायचे पीएच मीटर आहे, आणि आरओवाल्याकडे टीडीएसचा पेन. यातले एखादे चालेल का?
*— एक वाचक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर*

नाही. दोन धातूंच्या काड्यांचे माती मीटर पाण्यात काहीही दाखवते. टीडीएस पेन विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण सांगतो, सामू नाही. मिठाच्या पाण्यात तो हजारो दाखवेल आणि सामू सातच्या आसपास असू शकेल. टीडीएस पेन जवळ असू द्या, नवे पाणी जुन्यापेक्षा किती वेगळे आहे हे पाहायला तो कामाचा. टीडीएस पेन आणि पीएच पेन यांच्या डब्या सारख्या दिसतात, घेताना नाव वाचा.

पेन टाकीत बुडवला की ७.१, तेच पाणी कपात घेतले की ८.०. असे का?
*— एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला*

टाकीत वीज उतरते आहे. पंपाच्या किंवा हीटरच्या फुटक्या वेष्टनातून झिरपणारा प्रवाह इलेक्ट्रोडला फसवतो. कपातला आकडा खरा. पण आता सामूचे सोडा, आधी सगळे प्लग काढा, मग एकेक लावून कपातल्या आकड्यापासून टाकीतला आकडा केव्हा पळतो ते पेनाने पाहा. लावलेले असताना पाण्यात हात घालू नका. ज्या उपकरणाने आकडा पळाला ते बदला, आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. बऱ्याच घरांत तिसरे छिद्र असते, त्यामागे तार नसते.

एकदा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे म्हणतो. कुठे आणि कसे न्यावे?
*— एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशिम*

तुमच्या तालुक्यात करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पिण्याच्या पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. लिटरची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बुडबुडा न ठेवता बूच लावा, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर पाणी घेतल्याची वेळ लिहा. वाटेत वायू उडाला तर त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा वर येईल, म्हणून घरी बाटली भरताना एकदा स्वतः मोजून ठेवा. जाताना आपले किट सोबत न्या आणि त्यांच्या मीटरने मोजलेल्या त्याच ग्लासातले पाणी तिथेच किटने मोजा. किटची अशी परीक्षा घरी होत नाही.

अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ६.५ ते ८.५ चा सामू मान्य करते, माशांसाठी हा पट्टा फार रुंद आहे. सामूच्या खाली अल्कलिनिटीचा रकाना असतो, तो आकडा उतरवून घ्या आणि १७.९ ने भागा. ३२० असेल तर केएच सुमारे १८ अंश. एवढ्या साठ्याच्या पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा ‘पीएच डाउन’ची बाटली ओतून सामू उतरवायला जाल, तर दुसऱ्या दिवशी तो परत होता तिथे येईल. अशा पाण्यात गप्पी, मोली, गोल्डफिश ठेवा. टेट्रा आणि डिस्कससाठी आरओचे पाणी मिसळावे लागेल, आणि मिसळल्यावर चोवीस तासांनी मोजावे लागेल.